केशव, आज तू त्याच नाक्यावर

केशव, या घटकेला तू बागडोगऱ्याच्या विमानतळावरून भाड्याच्या जीपमध्ये बसून सीमेवरच्या नाक्याकडे निघाला असशील. बसून म्हणजे सुमित्रावहिनींच्या मांडीवर, निळ्या बॅगेत, त्या जड झाकणाच्या डब्यात. तिकडे साडेबारा वाजलेत, इथे इंग्लंडात, हाउन्सलोत, सकाळचे सात. मी स्वयंपाकघरात टेबलाशी बसलोय आणि मोबाइल हातभर लांब पालथा घालून ठेवलाय. त्यात सिलिगुडीच्या एका माणसाचा नंबर आहे. तो फिरवला की नाक्यावरची कसलीही अडचण चुटकीसरशी सुटते, हे मला ठाऊक आहे, तुलाही ठाऊक होतं. आणि तो फिरवायचा नाही, असं वहिनींनी जाताना मला बजावलंय. चहाचा तिसरा कप झाला. मला काही न करता बसता येत नाही, हे तू हॉस्टेलपासून बघत आलास. म्हणून तुला लिहितोय, निदान हात तरी गुंतलेले राहतील.

तू कधी जन्मलास, कुठे नोकऱ्या केल्यास, ते मी लिहीत बसणार नाही. ते आपल्या मंडळाच्या पत्रकात छापून आलंय, फोटोसकट. फक्त त्यात एक घोळ झालाय. तुझ्याबद्दल "मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले" असं लिहिलंय. नाव केशव, आडनाव अधिकारी, मराठी थेट पुण्याच्या पेठेतलं, गणपतीत आरत्या तोंडपाठ. मग कोण कशाला चौकशी करतंय! तू असतास तर पोट धरून हसला असतास. कुणी "कोकणातले का?" विचारलं की तू सांगायचास, "नाही हो, जरा उत्तरेला."

मी मात्र हसलो नाही. सेक्रेटरींना फोन लावून चांगलं झाडलं. म्हटलं, अहो, तो नेपाळचा होता, पूर्वेकडच्या इलामचा, चहाच्या डोंगरातला. स्कॉलरशिपवर पुण्याला शिकायला आला आणि पाच वर्षं हॉस्टेलमध्ये माझ्या खोलीत राहिला, म्हणून मराठी बोलायचा. तर ते बिचारे म्हणाले, "असं होय! पण आपल्यातलेच होते ना हो ते?" मी फोन ठेवून दिला. कारण त्यांनी निदान एका कागदावरच तुझा देश बदलला होता, तोही न कळून. मी जे केलं ते पूर्ण कळून केलं होतं.

त्याच्याकडे येतो. पण एकदम नको. मला जरा आडून आडून जाऊ दे.

पुणं सोडून तू काठमांडूला गेलास, व्यापार खात्यात लागलास. मी मुंबईत एका शिपिंग एजंटाकडे चिकटलो. आणि मग ते वर्ष आलं, आपल्या दोन देशांमधला व्यापाराचा आणि मालवाहतुकीचा करार संपला, नवा होईना, आणि आमच्याकडून तुमच्याकडे जाणारे बहुतेक नाके बंद झाले. तुम्हाला समुद्र नाही. तीन बाजूंना आम्ही, चौथीला हिमालय. मुंबईच्या पेपरात ती बातमी आत कुठेतरी असायची, कधी असायचीही नाही. मी तुला शहाण्यासारखं पत्र लिहिलं. "थोडी कळ काढा, होईल सगळं नीट. तुमच्या राजानेही जरा समजून घ्यायला हवं." असलं काहीतरी. अठ्ठावीस वर्षांचा होतो, पण सल्ला द्यायची हौस दांडगी.

तुझं उत्तर आलं, पोस्टकार्डावर, चार ओळी. "रॉकेल नाही. आई भुशाच्या शेगडीवर स्वयंपाक करते, तिचे डोळे सुजलेत. तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मुलगा चांगल्या घरचा दिसतो." बास. खाली सही. मी ते कार्ड वाचून खूश झालो होतो रे! बायकोला दाखवलं, बघ, त्याच्या आईने माझं कौतुक केलंय. तिने मला समजावून सांगितलं, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

पुढे दहा-बारा वर्षं आपली गाठ नाही. मी इकडे आलो, एअरपोर्टजवळच्या एका क्लिअरिंग एजंटाकडे, आयात मालाचे कस्टम्सचे कागद भरायच्या कामाला. आणि एक दिवस वेअरहाऊसमध्ये पिवळं जॅकेट घातलेला एक बुटका माणूस मला म्हणतो, "काय अव्या, सुटलायस की!" मी फॉर्क-लिफ्टखाली जायचा राहिलो. वहिनींना इथल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी मिळाली म्हणून तू सरकारी खुर्ची सोडून आला होतास आणि पेट्या उचलत होतास. मला वाईट वाटलं. तुला काही नाही. "खुर्चीत बसून दिल्लीच्या तोंडाकडे बघण्यापेक्षा पेट्या बऱ्या," म्हणालास.

त्या रविवारी घरी जेवायला आलास तेव्हा तू मला मूडच्या वहीबद्दल सांगितलंस. तुमच्या खात्यात साहेब सकाळी आल्याआल्या विचारायचे, "केशवजी, आज मूड कसा आहे?" मूड म्हणजे दिल्लीचा. तू तोवर विमानाने आलेले दिल्लीचे पेपर चाळलेले असायचे, सीमेवरच्या नाक्यांना फोन करून रात्रीतून किती ट्रक सुटले ते विचारलेलं असायचं. मग एका वहीत तारखेसमोर एकच शब्द लिहायचा. हसरा. गप्प. रुसलेला. कधी तीन दिवस हसरा आणि चौथ्या दिवशी, मध्ये काहीही घडलेलं नसताना, रुसलेला. "लोक परराष्ट्र धोरण परराष्ट्र धोरण म्हणतात ना," तू म्हणालास, "ते आमच्याकडे हे. सासूचं तोंड बघून सून दिवस ठरवते तसं." मी खो खो हसलो. तू नाही हसलास, पण मला वाढून घेऊ दिलंस आणि मग विचारलंस, "अजून थोडी आमटी घेऊ का?"

तुझं ते विचारणं! कपात चहा ओतायच्या आधी "घालू का?", खिडकी उघडायच्या आधी "उघडू का?" मी वैतागायचो. अरे घाल की, विचारतोस काय, परका आहेस का! तू तरी विचारायचासच.

मग दर रविवारची आपली भांडणं सुरू झाली. शिफ्ट संपवून बसने यायचास, बूट दाराशी नीट एका रेषेत ठेवायचास आणि बसायच्या आत मी सुरू व्हायचो. अरे, तुम्हाला आमच्याकडे यायला व्हिसा नाही, तुमची माणसं आमच्या गावागावात कामाला, तुमचं मीठ, पेट्रोल, औषधं सगळं आमच्याकडून जातं. अजून काय पाहिजे तुम्हाला?

"हेच सगळं लिहून पाहिजे."

"म्हणजे?"

"म्हणजे उद्या सकाळी तुम्ही रागावून उठलात तरी ते चालू राहील, असं. उपकार नको अव्या, नियम दे."

"एवढंच आहे तर जा ना चीनकडे!"

"आमचा उत्तरेचा रस्ता बघितलायस? पावसाळ्यात अर्धा नदीत असतो."

मी चिडायचो. मला वाटायचं, हा माणूस माझ्या घरात बसून माझ्या देशाला शिव्या घालतोय. तू शिव्या कधीच घातल्या नाहीस, हे आता कळतंय. एकदा तर म्हणालास, "तुम्ही वाईट असतात तर सोपं झालं असतं. वाईट शेजाऱ्याशी कसं वागायचं ते ठरवता येतं. तुम्ही वाईट नाही. तुम्ही प्रेमळ आहात, आणि कधी प्रेम येईल ते सांगता येत नाही." माझी बायको आतून म्हणाली, "भावजी, अगदी ह्यांचंच वर्णन केलंत." तिघंही हसलो. मीच सगळ्यात जोरात.

तुझ्या वेअरहाऊसचा सुपरवायझर आयरिश होता. त्याला नकाशावर नेपाळ सापडलं नसतं. पण तू "आमचा मोठा शेजारी" एवढंच म्हणालास की तो मान डोलवायचा आणि पुढचं त्याला सांगावं लागायचं नाही. ब्रेकमध्ये तुम्ही दोघं बाहेर थंडीत न बोलता उभे असायचात. मला त्याचा मत्सर वाटायचा. सव्वीस वर्षांची माझी मैत्री, आणि समजत होतं त्याला.

आता चहाचं सांगतो.

इलामच्या डोंगरातला चहा वर्षानुवर्षं पोत्यांतून सीमेपलीकडे जातो, तिथे दुसऱ्या चहात मिसळतो आणि तिथल्या नावाने जगभर विकला जातो. हे तू मला पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा मी म्हटलं होतं, विकला जातोय ना, मग झालं. तुझ्या मनात मात्र ते सलत होतं. तुझ्या गावच्या पंधरा-वीस घरांनी मिळून छोटा कारखाना काढला होता. एक तरी पेटी त्यांच्या स्वतःच्या नावाने इंग्लंडमध्ये विकली जावी, एवढंच तुला हवं होतं. शिफ्ट सांभाळून, सुट्ट्या घालवून तू दुकानं पालथी घातलीस. शेवटी केंब्रिजला एक बाई भेटल्या, हेलन. लहानसं चहाचं दुकान, पण नाव असलेलं. त्यांनी तुझा चहा प्यायला आणि म्हणाल्या, ख्रिसमसला मी हा वेगळ्या डब्यात, इलामच्या नावाने विकते. हिरव्या लेबलचा रोलही छापून घेतला त्यांनी. तू तो रोल घेऊन आमच्या घरी आलास, टेबलावर उलगडलास, आणि आमच्या सईने त्यातली दोन लेबलं फ्रिजला चिकटवली. त्या दिवशी तू न विचारता दुसऱ्यांदा चहा घेतलास.

कागदांचं काम अर्थातच माझ्याकडे. तू मला लेखी अधिकार दिलास, माझ्यातर्फे माल सोडवायला अविनाश जे करेल ते मला मान्य, अशी सही करून. त्या कागदाकडे आता बघवत नाही.

ट्रक नाक्यावर आला आणि अडकला. आदल्या आठवड्यापर्यंत चालणारं तपासणीचं पत्र त्या सोमवारपासून चालेनासं झालं. नवा नियम कुणी काढला, का काढला, कुणाला पत्ता नाही. नमुने दूर कुठल्यातरी लॅबमध्ये पाठवा म्हणे. एक आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले. तुमच्याकडचे बाकीचे ट्रकही रांगेत उभे. तू रोज फोन कार्ड घासून तिकडे बोलायचास, मग मला सांगायचास, "आज गप्प." मी म्हणायचो, केशव, काहीतरी करू या. तू म्हणायचास, "थांबू या. पत्र खरं आहे, माल खरा आहे. थांबलं तर सुटेल."

मला थांबणं सहन होईना, केशव. खरं सांगतो, तुझ्यासाठी जेवढं, तेवढंच माझ्यासाठीही. एवढी वर्षं या धंद्यात घालवून मित्राचा एक ट्रक सोडवता येत नाही म्हणजे काय! मी सिलिगुडीच्या त्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, दोन दिवस द्या साहेब. आणि खरंच दोन दिवसांत काम झालं. माल सीमेच्या अलीकडच्या कुठल्याशा गोदामात उतरला, पोती बदलली, कागद बदलले, आणि चहा भारताचा होऊन कोलकात्याला जहाजावर चढला. तुला मी फक्त एवढंच सांगितलं, "सुटला रे!"  तू म्हणालास, "बघ, सुटतो. थांबलं की सुटतो." मी ते तसंच राहू दिलं. वर मनात म्हटलं, याला नंतर सांगू, तेव्हा पाठ थोपटेल.

माल इथे पोचल्यावर मूळ देशाचा रकाना मी माझ्या हाताने भरला. भारत. हात अडखळला नाही, हे सुद्धा सांगून टाकतो.

शनिवारी तू ऑफिसात आलास. मी फाइल पुढे केली, हसत. तू चष्मा लावलास, पान उलटलंस, पुन्हा मागे आलास.

"अव्या, हा चहा कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? तुझाच!"

"कागदावर?"

मी म्हटलं, अरे, कागदाचं काय एवढं, आतला माल तर तोच आहे, आणि वेळेत आलाय, काम झालं ना? तू चष्मा काढून खिशात ठेवलास. "हं," एवढंच म्हणालास. आवाज चढवला असतास तर मी तुझ्याशी भांडलो असतो, आणि भांडणात मला जिंकता येतं. तू फाइल बंद करून माझ्याकडे सरळ ठेवून परत दिलीस, आणि बूट वाजू न देता जिना उतरलास.

केंब्रिजला मी तुला गाडीने घेऊन गेलो.  मला वाटत होतं, हेलनबाईंना सांगायची गरजच काय. डब्यावर लेबल लावा, विका. तू त्यांना सगळं सांगितलंस. कागद भारताचे आहेत, म्हणून इलामच्या नावाने विकता यायचा नाही, चूक आमच्या बाजूची. आमच्या म्हणालास. माझं नाव घेतलं नाहीस. बाई तो हिरवा रोल तुझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "मी ईस्टरपर्यंत थांबले असते. मला कुणी विचारलं नाही."

आणि परत येताना तुझा फोन वाजला. तिकडून कळलं की माझ्या त्या उद्योगानंतर आठच दिवसांनी तो नियम जसा आला तसा गेला होता. रांगेतले सगळे ट्रक स्वतःच्या कागदांवर पार झाले होते. तुझ्या गावचा तेवढा नाही. तू फोन ठेवलास आणि म्हणालास, "हीटर जरा कमी करू का?"

पुढच्या वर्षी त्या पंधरा-वीस घरांनी पुन्हा पोती भरून सीमेपलीकडे विकायला सुरुवात केली. तुझा चहा साउथहॉलच्या एका घाऊक दुकानात गेला, कशात मिसळला देव जाणे. उरलेल्या लेबलच्या पाठीवर तू वाणसामानाच्या याद्या लिहायचास. दूध, कांदे, टॉयलेट रोल. चांगला कागद आहे, म्हणायचास.

मी तुझं नक्की काय केलं, हे मला त्या दिवशी कळलं नाही. बरेच महिने मी स्वतःला सांगत होतो की मी मदत केली आणि नशिबाने साथ दिली नाही. मग एकदा ऑफिसात दुसऱ्याच कुणाचा तो रकाना भरताना लख्ख कळलं. रविवारी टेबलाशी बसून तू जे आयुष्यभर सांगत होतास, की मोठ्या माणसाने रागावू नये हे तर झालंच, पण त्याने आपल्यासाठी परस्पर ठरवू नये, ते ऐकून, हसून, वर आमटी वाढून, मी उठलो आणि जसंच्या तसं तेच केलं. दिल्लीला निदान तुझ्या हॉस्टेलची खोली माहीत नव्हती. मला माहीत होती.

तू यायचा थांबलास असं नाही. यायचास, कमी यायचास. वाद मात्र संपले. मी मुद्दाम काडी टाकायचो, अरे, ते तुमचं नवीन सरकार काय म्हणतंय? तू म्हणायचास, "बघू या." तुमचा राजा गेला त्या दिवशी मी फोन करून अभिनंदन केलं, तेव्हा तेवढा जुना केशव बोलला. "राजा गेला रे, शेजारी तोच आहे." मी हसलो. एका रविवारी तू गेल्यावर सई म्हणाली, "बाबा, केशवकाका तुमच्याशी पाहुण्यासारखा का बोलते? तुम्ही भांडण केला का?" पोरीचं मराठी मोडकं, पण बरोबर जागी बोट ठेवलं तिने. मी तिला म्हटलं, भांडण नाही गं. भांडण असतं तर बरं झालं असतं.

आणि माफी? ती मी मागितली नाही. दोन वर्षांत शंभरदा ओठांवर आली. दर वेळी वाटायचं, आता कशाला खपली काढा, त्याने सोडून दिलं असेल. बघ ना, तिथेही तुझ्या वतीने मीच ठरवलं.

माझे वडील गेले त्या दिवशीचं आठवतंय तुला? तिकीट दुसऱ्या दिवशीचं मिळालं होतं. लोकांचे फोन, सल्ले, कुणी डबा आणतंय, कुणी पासपोर्ट शोधतंय, घरात नुसता बाजार. तू आलास, दाराशी बूट काढलेस आणि विचारलंस, "मी काय करू?" अख्ख्या दिवसात मला कुणी हे विचारलं नव्हतं. मी म्हटलं, बस नुसता. तू चार तास बसलास, भिंतीला टेकून, माझ्या शेजारी. तुझी शिफ्ट बुडाली, ते मला नंतर सुपरवायझरकडून कळलं. त्या चार तासांचं तुझं ऋण माझ्यावर आहे, आणि ते तुला सांगायचंही राहून गेलं. किती राहून गेलं रे!

तू गेलास त्याच्या आधीच्या बुधवारी तुझा फोन आला होता. माझ्यासमोर अडकलेली कन्साइनमेंट, दुसऱ्या लाइनवर कुणीतरी ओरडतंय. मी "हॅलो" म्हटलं. एकच शब्द, पण कसा म्हटला असेन ते मला माहीत आहे. तू म्हणालास, "नंतर करतो." मूडची वही तू काठमांडूला ठेवून आला नव्हतास, केशव. माझं एक पान तुझ्याकडे होतंच. त्या बुधवारी काय लिहिलंस, गप्प की रुसलेला? शनिवारी सकाळी बसस्टॉपवर तू खाली कोसळलास. वहिनींना विचारलं मी, त्याला काय बोलायचं होतं? त्या म्हणाल्या, "तुम्हाला काहीतरी विचारायचं आहे, एवढंच म्हणत होते." एकोणीस दिवस झाले, मी रात्रंदिवस तेच चघळतोय. काय विचारायचं होतं तुला?

तेरावं झाल्यावर वहिनींनी मला बोलावलं. तुला इलामला, तुझ्या आईपाशी न्यायचं होतं. कागदांचं काम अर्थातच माझ्याकडे. आणि माझी खोड बघ. मी त्यांच्याकडे जायच्या आधीच गल्फवरून काठमांडूची एक सीट धरून ठेवली होती, कारण तू दिल्लीवरून कधी जायचा नाहीस, जास्त पैसे घालून दोहावरून जायचास. मला वाटलं, तुझा शेवटचा प्रवास तरी तुझ्या धोरणाप्रमाणे होऊ दे. माझं प्रायश्चित्त म्हण हवं तर. मी वहिनींना ते मोठ्या ऐटीत सांगितलं.

त्या माझ्याशी हिंदीत बोलतात, मला दाइ, म्हणजे थोरला भाऊ, म्हणतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दाइ, दिल्लीवरून जाऊ. दिल्ली, बागडोगरा, मग रस्त्याने."

"पण वहिनी, तो तर—"

"काठमांडूहून पुढचं विमान धुक्यात चार-चार दिवस उडत नाही. सासूबाईंना दिसत नाही आता, त्या दाराशी बसून आहेत. मला लवकर पोचायचंय. धोरण त्यांचं होतं, पाय माझे आहेत."

मी म्हटलं, बरं. सीट सोडून दिली. कागद लावले. मृत्यूचा दाखला, अंत्यसंस्काराचा दाखला, डब्यात फक्त अस्थी असल्याचं पत्र, दूतावासाचं पत्र, प्रत्येकाच्या तीन-तीन प्रती. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात नेपाळ आहे ना, ते तीनदा तपासलं. मग निघताना, जित्याची खोड म्हण, तोंडातून गेलंच, "रस्ता त्याच नाक्यावरून जातो. तिथे माझ्या ओळखीचे एकजण आहेत, एक फोन करून ठेवतो—"

"नको, दाइ." त्यांनी बॅगेची चेन लावली. "कागद खरे आहेत ना?"

"एकदम."

"मग कागदावर जाऊ. अडवलं तर थांबू. तुम्ही फोन करायचा नाही. पार झाले की मी टेक्स्ट करीन."

तू वहिनींना शिकवलंस की त्यांनी तुला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता सव्वानऊ वाजलेत. मध्ये दोनदा उठलो, एकदा बागेत जाऊन आलो, एकदा मोबाइल हातात घेऊन तो नंबर काढलाही. खोटं नाही बोलणार. डोळ्यांसमोर सारखं येतंय, कुणीतरी डबा उघडायला सांगतंय, कुणीतरी आजच निघालेला नियम दाखवतंय, आणि वहिनी उन्हात बाकावर बसल्यात, तुला मांडीवर घेऊन. एक फोन, बास.  सई खाली आली, माझं तोंड बघून तिने मोबाइल माझ्या हातातून काढून घेतला आणि फ्रिजवर ठेवला, तुझ्या त्या दोन लेबलांच्या वर. ती लेबलं अजून तिथेच आहेत.

आला टेक्स्ट. सईने वाचून दाखवला. "पार झालो. चाळीस मिनिटं लागली. कागद बघितले, हात जोडले, सोडलं."

चाळीस मिनिटं, केशव! कुणाचा फोन नाही, कुणाची ओळख नाही, तुझ्या नावाच्या आणि तुझ्या देशाच्या कागदावर. मी टेबलावर डोकं ठेवून रडलो, सई घाबरली. तुला न्यायला फोन करावा लागला नाही. तुझ्या चहालाही लागला नसता.

आता तू चढणीला लागला असशील, वळणावळणाने वर. माझी चूक झाली, केशव. मी तुला विचारायला हवं होतं. त्यावर तुला काय म्हणायचंय ते आता मला कधीच कळणार नाही, आणि या वेळी तुझ्या वतीने मी ते ठरवणार नाही.